ज्योत्स्ना भोळे : मराठी रंगभूमीवर स्त्रीची भूमिका स्त्रीने करायला सुरुवात झाली, त्या काळाची गोष्ट

पुण्यात हिराबागेजवळच्या ज्योत्स्ना भोळे सभागृहात तुम्ही कधीतरी कार्यक्रम पाहिला असेल. ज्यांच्या नावाने हे सभागृह आहे, त्या ज्योत्स्नाबाई कोण होत्या? मराठी नाटकात त्यांचं नाव का महत्त्वाचं आहे?

गोव्याची दुर्गा केळेकर

११ मे १९१४ रोजी गोव्यातील बांदिवडे इथे त्यांचा जन्म झाला. माहेरचं नाव दुर्गा केळेकर. लहान वयातच त्या मुंबईला आल्या आणि आग्रा घराण्याचे उस्ताद खादिम हुसेन खाँ यांच्याकडे गाणं शिकल्या. १९३२ मध्ये संगीतकार केशवराव भोळे यांच्याशी लग्न झालं आणि त्या ज्योत्स्ना भोळे झाल्या.

१९३३ मध्ये काय बदललं?

तेव्हा नामवंत संगीत नाटक मंडळ्यांत स्त्रीभूमिका बहुतेक पुरुषच करत. बालगंधर्व हे त्यातलं सर्वात मोठं नाव. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या होत्या, पण प्रतिष्ठित घरातल्या विवाहित स्त्रीने पुरुष नटांसोबत रंगमंचावर येणं समाजाला सहज पटणारं नव्हतं. त्यातच बोलपट आले आणि नाटकाचा प्रेक्षक तिकडे वळू लागला.

अशा वेळी १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणलं. नॉर्वेचे लेखक ब्यर्नसन यांच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते लिहिलं होतं. दिग्दर्शन केशवराव दाते यांचं, संगीत केशवराव भोळे यांचं. लग्नाआधीच्या चारित्र्याचा नियम फक्त स्त्रीलाच का, पुरुषाला का नाही, असा या नाटकाचा प्रश्न. त्यातल्या स्त्रीभूमिका ज्योत्स्नाबाई आणि पद्मावती वर्तक यांनी केल्या. ज्योत्स्नाबाई तेव्हा अवघ्या १९ वर्षांच्या होत्या.

गाण्यांची पद्धतही बदलली. तासन्‌तास रंगणारी पदं आणि वन्समोअर यांच्याऐवजी मोजकी, छोटी, भावगीतासारखी गाणी आली. त्यामुळे गाताना पात्र सोडून चालणार नव्हतं, अभिनय सुरूच ठेवावा लागे.

'कुलवधू'ची भानुमती

'नाट्यमन्वंतर' फार काळ टिकली नाही. पुढे मो. ग. रांगणेकरांच्या 'नाट्यनिकेतन'मध्ये ज्योत्स्नाबाईंना त्यांची सर्वात गाजलेली भूमिका मिळाली. १९४२ च्या 'कुलवधू'मध्ये त्या भानुमती झाल्या. बायको सिनेमात नाव कमावते आणि नवऱ्याचा अहंकार दुखावतो, असं कथानक. मास्टर कृष्णरावांच्या चालीतली त्यातली त्यांची भैरवी आजही मैफलींत गायली जाते. पुढे मामा वरेरकरांच्या 'भूमिकन्या सीता'मध्येही त्यांनी काम केलं.

वारसा काय?

१९७६ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. ५ ऑगस्ट २००१ रोजी त्यांचं निधन झालं. आज नाटकात स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करायची, यात कुणाला काही विशेष वाटत नाही. १९३३ मध्ये मात्र त्यासाठी एका १९ वर्षांच्या मुलीला आपलं नाव पणाला लावावं लागलं होतं.