आधी पोट, मग पाटी

सकाळी साडेसातचं लेक्चर. उठायला उशीर झाला म्हणून नाश्ता राहिला. आई डबा घेऊन दारापर्यंत आली, पण बस चुकेल म्हणून तुम्ही तसेच पळालात. साडेनऊला फळ्यावर काय चाललंय ते कळायचं बंद झालं. डोळे मॅडमकडे आणि जीव कँटीनमधल्या वडापावात. ओळखीचं वाटतंय ना?

आता तुमच्या जागी तीन वर्षांचं मूल बसवून बघा. त्याच्यासाठी कँटीन नाही. खिशात वीस रुपये नाहीत. आपण भुकेमुळे रडतोय, हे सांगण्याइतके शब्दही त्याच्याकडे नाहीत. मोठी माणसं म्हणतात, पोर किरकिरं आहे, अभ्यासात लक्ष नाही.

आज जिची गोष्ट सांगायची आहे, तिने आयुष्यभर याच मुलाकडे बघितलं. तिचं नाव मार्गारेट मॅकमिलन. तुमच्यापैकी कुणी बालशिक्षणाचा कोर्स करत असेल तर हे नाव माहीत असेल. खुल्या हवेतल्या बालशाळेची प्रवर्तक, टीप लिहा, पाच मार्क. पण त्या पाच मार्कांत तिची खरी लढाई बसत नाही. कारण ती लढाई पाटी-पेन्सिलीची नव्हतीच. ती होती दुधाच्या पेल्याची आणि गरम जेवणाची.

ऐकू न येणारी मुलगी

मार्गारेटचा जन्म 20 जुलै 1860चा, अमेरिकेत न्यूयॉर्कजवळचा. आईवडील मूळचे स्कॉटलंडचे. ती पाच वर्षांची असताना घरावर आभाळ कोसळलं. 1865 मध्ये वडील गेले, धाकटी बहीण गेली. मार्गारेट आजारातून वाचली, पण तिचं ऐकणं गेलं. ते परत आलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. विचार करा, बालपणाची सगळी वर्षं एक मुलगी आजूबाजूचं जग फक्त डोळ्यांनी वाचत होती. पुढे जे इतरांना दिसलं नाही ते तिला दिसलं, त्याचं मूळ कदाचित इथे असेल.

विधवा आई दोन मुलींना घेऊन स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसला माहेरी परतली. मोठी रेचेल, धाकटी मार्गारेट. या दोघी शेवटपर्यंत एकमेकींच्या सोबती राहिल्या. मार्गारेट शिकली, युरोपात जाऊन भाषा शिकली, श्रीमंत घरांमध्ये मुलांना शिकवायची नोकरी करू लागली. रेचेल आजीची सेवा करत घरीच राहिली. 1888 मध्ये आजी गेली आणि दोघी लंडनमध्ये एकत्र आल्या. तिथे त्यांनी कामगारांच्या वस्त्या पाहिल्या, सभा ऐकल्या, संप पाहिले. त्यानंतर मार्गारेट ज्या श्रीमंत बाईंकडे सोबतीण म्हणून राहत होती, तिथे तिचं मन रमेना. ती कामगारांच्या सभांतून भाषणं करायला लागली आणि ती सुखाची नोकरी सुटली.

गिरणीगावातली शाळा

1893 मध्ये दोघी ब्रॅडफर्डला गेल्या. उत्तर इंग्लंडमधलं हे शहर म्हणजे लोकरीच्या गिरण्या, धूर आणि दाटीवाटीची घरं. त्या काळी इंग्लंडमध्ये बायकांना खासदार निवडायचा हक्क नव्हता, पण शहराच्या शाळा मंडळावर त्या निवडून येऊ शकत होत्या. 1894 मध्ये मार्गारेट निवडून आली आणि शाळा बघत फिरू लागली.

तिने काय पाहिलं? थंडी सुरू झाली की आया पोरांच्या अंगावर कपडे शिवूनच टाकायच्या. ते उन्हाळ्यातच उसवायचे. म्हणजे महिनोन् महिने आंघोळ नाही. डोक्यात उवा, किडलेले दात, वाहणारे कान. काही मोठी मुलं अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस वर्गात. गिरणीतून आलेलं पोर बाकावर डोकं टेकून झोपायचं. आणि अनेकांच्या पोटात सकाळपासून काही नाही.

शिक्षण मात्र सक्तीचं! मूल शाळेत आलं नाही तर आईबापांना दंड. मार्गारेटचा सवाल साधा होता. सरकार इमारतीवर खर्च करतं, शिक्षकांना पगार देतं, मुलांना सक्तीने आणून बसवतं. पण उपाशी मुलाच्या डोक्यात काही शिरणारच नसेल, तर हा सगळा पैसा पाण्यात गेला की नाही? तिने दयेची भीक मागितली नाही. तिने हिशोब मांडला.

शाळेचे डॉक्टर जेम्स केर यांच्यासोबत तिने मुलांची तपासणी सुरू करवली. देशात अशा तपासण्या तेव्हा नुकत्याच कुठे होऊ लागल्या होत्या. 1897 मध्ये ब्रॅडफर्डच्या एका शाळेत मुलांसाठी स्नानगृह बांधलं गेलं. लोक हसले. शाळेत गणित शिकवायचं की अंग घासायचं?

पण जेवणाचं घोडं अडलं. शाळेतल्या मुलांना जेवू घालण्यासाठी कराचा पैसा वापरायला कायद्याची परवानगीच नव्हती. शहरात सिंड्रेला क्लब नावाची एक संस्था वर्गणी काढून गरीब मुलांना जेवण द्यायची. काम चांगलं होतं, पण वर्गणी आटली की ताट रिकामं. आणि विरोधकांचा मुद्दा तुम्ही आजही कुठल्याही कट्ट्यावर ऐकाल. पोरांना खायला घालणं हे आईबापांचं काम आहे, फुकट दिलं की गरीब आळशी होतात. मार्गारेटचं म्हणणं असं की बाप आळशी आहे की नाही हे ठरेपर्यंत पोराची हाडं वाकलेली असतात.

वजनकाट्याने दिलेली साक्ष

1902 मध्ये नवा शिक्षण कायदा आला आणि शाळा मंडळंच बरखास्त झाली. शाळा नगरपालिकांकडे गेल्या आणि तिथे बायकांना निवडून यायला बंदी होती. आठ वर्षं केलेल्या कामातून मार्गारेट एका फटक्यात बाहेर. ती बहिणीकडे लंडनच्या बाजूला आली आणि लिहू-बोलू लागली. खुर्ची गेली तरी विषय सोडला नाही.

मग एक विचित्र गोष्ट घडली. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी सैनिक भरती करताना, कितीतरी तरुण अशक्त म्हणून परत पाठवावे लागले होते. सरकारला धक्का बसला. 1904 मध्ये चौकशी समितीचा अहवाल आला. गरिबांच्या मुलांसाठी जे दरवाजे उघडत नव्हते, ते सैन्याला धडधाकट तरुण हवेत म्हणून किलकिले झाले. मार्गारेट आणि तिच्या सोबत्यांनी ती फट सोडली नाही. ब्रॅडफर्डमधला तिचा जुना सहकारी फ्रेड जॉवेट 1906 मध्ये खासदार झाला आणि त्याने संसदेत हाच प्रश्न लावून धरला. त्याच वर्षी शाळांमध्ये जेवण देण्याची मुभा देणारा कायदा झाला. पुढच्या वर्षी शाळांमध्ये वैद्यकीय तपासणीचाही कायदा आला.

1907 मध्ये ब्रॅडफर्डमध्ये एक प्रयोग झाला. तो मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात बोलका वाटतो. मार्गारेट तेव्हा तिथे नव्हती, पण तिने पेरलेलंच उगवत होतं. शाळांचे डॉक्टर राल्फ क्राउली यांनी गरीब घरातली चाळीस मुलं निवडली. त्यांना शाळेच्या दिवसांत सकाळी दूध घातलेली ओटची लापशी आणि ब्रेड, दुपारी विचार करून ठरवलेलं गरम जेवण. टेबलावर स्वच्छ कापड, फुलं. मोठ्या मुली वाढायला. आणि ठरावीक दिवसांनी प्रत्येकाचं वजन.

वजन वाढलं, यात आश्चर्य नाही. मधे सणाची सुट्टी आली, जेवण बंद झालं आणि काटा लगेच खाली आला. शाळा सुरू झाली, काटा पुन्हा वर. आपल्याला सुट्टी लागली की वजन वाढतं, बरोबर? त्या मुलांचं सुट्टीत घटलं. घरात पुरेसं अन्नच नाही, हे सांगायला यापेक्षा मोठा पुरावा कुठला? त्याच वर्षी ब्रॅडफर्डने मुलांच्या जेवणासाठी स्वतःचं स्वयंपाकघर सुरू केलं.

औषध पुरेना, म्हणून बाग

इकडे लंडनमध्ये दोघी बहिणींनी शाळकरी मुलांसाठी दवाखाना काढला. 1910 मध्ये तो डेप्टफर्ड या गरीब वस्तीत आला. दात, डोळे, कान, त्वचा, सगळ्यावर उपचार. मुलं बरी व्हायची, घरी जायची आणि काही आठवड्यांत तोच आजार घेऊन परत यायची. अंधारी ओलसर खोली, तेच अपुरं खाणं. औषधाने किती दिवस भागणार? शिवाय बरीच मुलं पाचव्या वर्षी शाळेत यायची तेव्हाच उशीर झालेला असायचा. पायांची हाडं वाकलेली असायची. या रोगाला आपल्याकडे मुडदूस म्हणतात.

म्हणून दोघींनी मागे जायचं ठरवलं. पाच वर्षांच्या नाही, दोन वर्षांच्या मुलाकडे. 1914 मध्ये डेप्टफर्डमधल्या एका पडीक जागेवर बालशाळा सुरू झाली. जागा लंडनच्या कौन्सिलची, वर्षाला एक शिलिंग भाड्याने. अट अशी की मागितली की लगेच सोडायची. सुरुवातीला पाचच्या आतली जेमतेम सहा मुलं.

ही शाळा कशी होती? एका बाजूने उघड्या शेड आणि भोवती बाग. फुलं, भाज्या, वाळू, पाणी. सकाळी आलेल्या मुलाची आंघोळ आणि मग नाश्ता, लापशी आणि दूध. दुपारी भाज्या घातलेलं गरम जेवण. मग उघड्या हवेत झोप. चारच्या सुमाराला पुन्हा थोडं खाणं. संध्याकाळी आई कामावरून येईपर्यंत मूल इथेच. आईबाप खाण्याचे थोडेफार पैसे भरायचे. ड जीवनसत्त्वाचा शोध तोपर्यंत लागलेला नव्हता. पण ऊन आणि सकस खाणं मिळालं की वाकलेले पाय सुधारतात, हे या बायकांना रोज समोर दिसत होतं.

मार्गारेटसाठी जेवण हा अभ्यासाच्या मधला ब्रेक नव्हता, तोच अभ्यास होता. चमचा धरणं, दुसऱ्याला वाढणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, नव्या चवीला हो म्हणणं. टेबलाभोवती मूल बोलायला शिकतं, हे तिने ओळखलं होतं.

लगेच महायुद्ध सुरू झालं. बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेल्या आणि अचानक पाळणाघर सरकारला महत्त्वाचं वाटू लागलं. अशा आयांच्या प्रत्येक मुलामागे दिवसाला सात पेन्स मिळू लागले. युद्ध ओसरलं की हा पैसाही आटणार, हे मार्गारेटला ठाऊक होतं. सैनिक हवे होते तेव्हा जेवणाचा कायदा, कामगार बायका हव्या होत्या तेव्हा पाळणाघराला मदत. मुलासाठी म्हणून मुलाकडे कोण बघणार?

25 मार्च 1917 रोजी रेचेल गेली, नेमकी स्वतःच्या वाढदिवशी. मार्गारेटने शाळेला बहिणीचं नाव दिलं, पुढे तिचं चरित्र लिहिलं आणि श्रेय तिच्याकडे वळवत राहिली. 1918च्या शिक्षण कायद्याने बालशाळा काढायला परवानगी दिली, पण सक्ती केली नाही. खर्च परवडत नाही, हे उत्तर ती उरलेली सगळी वर्षं ऐकत राहिली. थांबली मात्र नाही. 1930 मध्ये बालशिक्षिका घडवणारं रेचेल मॅकमिलन कॉलेज उभं राहिलं. पुढच्याच वर्षी, 29 मार्च 1931 रोजी मार्गारेट गेली. देशभरात प्रत्येक वस्तीत अशी शाळा व्हावी, हे तिचं स्वप्न तेव्हा अपुरंच होतं.

आणि आपण?

ही गोष्ट लांबची वाटत असेल तर आपल्या गल्लीत या. ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डीला 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि मग अनुताई वाघ यांनी गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द भारतभर पोचला. तिथे काय काय असतं ते आठवा. पोषक आहार, वजन, तपासणी, लसीकरण आणि खेळत शिकणं, सगळं एकाच छपराखाली. डेप्टफर्डच्या बागेतला तोच हिशोब.

माझ्या अंगणवाडीतलं मला काय आठवतं सांगू? एकही गाणं धड आठवत नाही. आठवते ती स्टीलची ताटली, गरम मुगाची खिचडी आणि संपली की अजून एक डाव वाढणाऱ्या मावशी. मास कॉम शिकताना सरकारी योजनांवर मी प्रोजेक्ट केला, पीपीटी केली, मार्कही मिळाले. पण त्या मावशी काय काम करत होत्या, हे मला मार्गारेटबद्दल वाचल्यावर कळलं.

तुमच्यापैकी कुणी शिक्षक होईल, कुणी डॉक्टर, कुणी इंजिनिअर, कुणी स्पर्धा परीक्षा देऊन योजनांच्या फाइलीवर सही करणारा अधिकारी. अंगणवाडीवरचा खर्च जास्त होतोय का, असा प्रश्न कधीतरी तुमच्या टेबलावर येईल. निदान मतदार म्हणून तरी येईलच. तेव्हा ब्रॅडफर्डची ती चाळीस मुलं आठवा. जेवण सुरू, काटा वर. जेवण बंद, काटा खाली.

आणि हो, उद्या सकाळी नाश्ता करून निघा. निदान तुमच्या घरी तो तयार तरी असतो.