बाबासाहेब, तिरंगा आणि देशभक्तीचा दाखला

सरकारला प्रश्न विचारला की हल्ली आधी देशभक्तीचा दाखला मागतात. वस्तीतल्या अभ्यासवर्गात तरुण आम्हाला हमखास विचारतात, की तिरंगा, निळा झेंडा आणि पंचशील ध्वज एकाच मिरवणुकीत धरले तर त्यात विसंगती आहे का? या प्रश्नाचे उत्तर घोषणेत शोधण्यापेक्षा बाबासाहेबांच्या आयुष्यात शोधावे, असे आम्हाला वाटते. कारण देशद्रोही हा शिक्का त्यांच्याइतका क्वचितच कुणावर मारला गेला असेल.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. म्हणजे पलटण, शिस्त आणि निशाण या गोष्टी या घराला नव्या नव्हत्या. पण १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरतीच बंद झाली आणि सुभेदाराचा मुलगा साताऱ्याच्या शाळेत स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळा बसू लागला. शिपायाने पाण्याचा नळ सोडला नाही तर दिवसभर तहानलेला राहू लागला. देश या शब्दाशी त्यांची पहिली ओळख झाली ती अशी.

३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी मूकनायक सुरू केले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला केसरीने नकार दिला. स्वराज्यासाठी तुरुंगवास सोसणाऱ्या संपादकाच्या वृत्तपत्रात अस्पृश्यांच्या वृत्तपत्राला जाहिरातीपुरतीही जागा नव्हती. अभिव्यक्ती स्वातंत्र्य फक्त सरकारच हिरावते असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. गळा दाबणारा हात पुष्कळदा समाजाचाच असतो.

१९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी ब्रिटिश राज्यकर्त्यांच्या तोंडावर सांगितले, की तुमच्या राज्यात अस्पृश्यांची स्थिती पालटली नाही, म्हणून आम्हालाही लोकांचे राज्य हवे आहे. हे भाषण सोयीस्करपणे विसरले जाते. लक्षात राहते ती १४ ऑगस्ट १९३१ ची मणिभवनातली गांधीजींची भेट. आपल्याला मायभूमी नाही, असे बाबासाहेब तेव्हा म्हणाले. ज्या भूमीत माणसाला कुत्र्यामांजरापेक्षा हीन वागणूक मिळते, तिला त्याने आपली कसे म्हणावे, हा त्यांचा सवाल होता. वृत्तपत्रांनी सवालाला उत्तर दिले नाही. ब्रिटिशांचा हस्तक, देशद्रोही अशी विशेषणे मात्र भरपूर दिली.

विचार मांडण्याच्या हक्कासाठी त्यांनी स्वतः काय मोजले, हे १९३६ मध्ये दिसले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण वाचले आणि काही भाग गाळायला सांगितले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. अधिवेशन रद्द झाले. त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले, दीड हजार प्रती काढल्या आणि किंमत ठेवली आठ आणे. गांधीजींनी हरिजनमधून मतभेद मांडले आणि किंमत जास्त असल्याची तक्रारही केली! त्याआधी १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या समाजस्वास्थ्य मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनीच घेतले होते. लैंगिक शिक्षणाचे नाव काढणाऱ्या माणसाजवळ तेव्हा कुणी उभे राहत नव्हते. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला.

आता तिरंग्याकडे येऊ. २३ जून १९४७ रोजी राजेंद्र प्रसादांच्या अध्यक्षतेखाली ध्वज समिती नेमली गेली. मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, मुन्शी, पणिक्कर यांच्यासोबत बाबासाहेब तिचे सदस्य होते. चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचे धम्मचक्र आले आणि २२ जुलैला संविधान सभेने तो ध्वज स्वीकारला. हे चक्र एकट्या बाबासाहेबांनी बसवले, असे संदेश आपल्याकडे फिरतात. आमचे स्पष्ट मत आहे, की त्यांना अशा अतिशयोक्तीची गरज नाही. ज्याला सोळा वर्षांपूर्वी मायभूमी नाकारली गेली होती, तो माणूस या देशाचे निशाण ठरवणाऱ्यांत बसला, एवढेच पुरेसे मोठे आहे. आणि त्या निशाणावर एका पक्षाची खूण राहिली नाही, बुद्धाच्या धम्माचे चाक आले.

पण ध्वजाला सलाम केला की राष्ट्र तयार होते, असे त्यांनी कधीच मानले नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी सभागृहाला बजावले, की हजारो जातींत विभागलेले लोक अजून राष्ट्र झालेले नाहीत आणि जातीच राष्ट्रविरोधी आहेत. देशद्रोहाची व्याख्याच त्यांनी उलटवली. पाणवठा अडवणारा, मजुरी नाकारणारा, आंतरजातीय लग्न केले म्हणून पोटच्या मुलीला मारणारा, हे सगळे तिच्यात येतात. मग त्यांच्या गच्चीवर केवढाही मोठा झेंडा असो.

अभिव्यक्तीच्या बाबतीत मात्र बाबासाहेब अमर्याद स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते नव्हते, हेही सांगितले पाहिजे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेतही मूलभूत हक्क निरंकुश नाहीत असा दाखला दिला. मसुद्याच्या निर्बंधांत राजद्रोह हा शब्द होता. मुन्शींच्या दुरुस्तीने तो गेला. दंडसंहितेतले १२४ अ कलम मात्र पुढे कित्येक दशके तसेच राहिले. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली बोलण्यावर निर्बंध घालण्याची वाट खुली केली आणि कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी तिचे समर्थन केले. वाजवी हा शब्द त्याच वेळी कलम १९(२) मध्ये आला, त्यामुळे निर्बंध तपासण्याचा अधिकार न्यायालयांकडे राहिला, हे खरे. तरीही आज कार्यकर्त्यांवर होणारे गुन्हे पाहिले की ही दुरुस्ती आम्हाला पचायला जड जाते. बाबासाहेबांशी असा मतभेद ठेवता येतो, हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो.

त्याच वर्षी हिंदू कोड बिल अडवले गेले. सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. ११ ऑक्टोबरला ते लोकांच्या प्रतिनिधींसमोर निवेदन करायला उभे राहिले, तर उपसभापतींनी त्याची प्रत आधी दाखवण्याचा आग्रह धरला. ही पूर्वतपासणी आहे असे म्हणून घटनेच्या शिल्पकाराने सभागृह सोडले आणि निवेदन बाहेर पत्रकारांना दिले.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या कागदपत्रांत रिडल्स इन हिंदुइझमचे हस्तलिखित अप्रकाशित राहिले होते. महाराष्ट्र शासनाने ते १९८७ मध्ये छापले तेव्हा राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टावरून वादळ उठले आणि तो भाग गाळायचे ठरू लागले. १९८८ च्या सुरुवातीला आपली माणसे लाखोंनी मुंबईच्या रस्त्यावर उतरली. शेवटी परिशिष्ट कायम राहिले. या मतांशी शासन सहमत नाही, एवढी टीप तेवढी जोडली गेली.