फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन : रात्रीच्या वाघाची छबी टिपणारा वनाधिकारी

चामोर्शीहून चपराळ्याच्या रानाकडे जाताना सागाच्या बुंध्याला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, पट्ट्याने आवळून बांधलेली लहानशी डबी आमच्या विद्यार्थिमित्रांपैकी काहींनी पाहिली असेल. तिच्यापुढून ऊबदार अंगाचे जनावर हलले की ती आपोआप चित्र घेते. ही डबी सरपण नेणाऱ्या बायाबापड्यांवर पहारा ठेवण्यासाठीच लाविली आहे, असाही समज काही ठिकाणी आहे. या डबीच्या पूर्वजास हिंदुस्थानच्या अरण्यात ज्या गृहस्थाने चांगला उपयोगात आणिला, त्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

चॅम्पियनसाहेबांचा जन्म १८९३ साली इंग्लंडातील सरे परगण्यात झाला. वडील जॉर्ज चार्ल्स चॅम्पियन हे नामांकित कीटकशास्त्रज्ञ होते. मध्य अमेरिकेच्या रानांत हिंडून त्यांनी भुंगेऱ्यांचा मोठा संग्रह केला होता. थोरले बंधू हॅरी हेही हिंदुस्थानात वनाधिकारी झाले. त्यांनी १९३६ साली या देशातील अरण्यांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, तेच पुढे सुधारलेल्या रूपात आमच्या सागवानी रानाच्या सरकारी वर्णनांतही आढळते. अशा घरात वाढलेला मुलगा रानाकडे वळला यात नवल नाही. तथापि फ्रेडरिक आरंभी, १९१३ साली, पूर्व बंगालच्या पोलीस खात्यात आले. मग महायुद्धात सैन्यात गेले आणि युद्धानंतर संयुक्त प्रांताच्या वनखात्यात रुजू झाले. शिवालिक डोंगरांच्या पायथ्याची अरण्ये ही त्यांची खरी कर्मभूमी.

त्या काळी गोऱ्या अंमलदाराचा दिवाणखाना म्हणजे वाघांच्या कातड्यांचे प्रदर्शन असे. चॅम्पियनसाहेबांस मात्र करमणुकीसाठी प्राणी मारण्याचा मनस्वी तिटकारा होता. त्यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेतला. दिवसा हत्तीवर बसून ते चित्रे घेत. परंतु वाघ हिंडतो रात्री, आणि रात्री माणसाने जवळ थांबावे तर वाघ येत नाही. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी रात्री दोरीच्या साहाय्याने हरणांची चित्रे घेतली होती व १९०६ साली ती प्रसिद्धही झाली होती. तीच युक्ती चॅम्पियनसाहेबांनी वाघासाठी योजिली.

ती युक्ती सांगावयास सोपी, साधावयास महाकठीण. प्रथम ओल्या मातीतील ठसे पाहून वाघाची नेहमीची पायवाट हुडकावयाची. तिच्या कडेस कॅमेरा रोवून वाटेवर आडवी बारीक तार ताणावयाची. वाघाचा पाय तारेस लागला की विजेची कळ दाबली जाई, मॅग्नेशियमची भुकटी भडकन पेटे आणि त्या क्षणाच्या उजेडात चित्र उमटे. भुकटी एकदा जळली की त्या रात्रीचे काम संपले! वाघाच्या आधी एखादे साळिंदर किंवा चितळ तारेस अडखळले तर सारी तयारी फुकट. दव पडून भुकटी ओलावली तरी तेच. आजची डबी एका रात्रीत शेकडो चित्रे घेऊन मुकाट्याने बसून राहते, म्हणून त्या वेळच्या चिकाटीची कल्पना आम्हांस सहजासहजी येत नाही.

१९२५ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात त्यांची वाघांची चित्रे झळकली. रानात मोकळ्या हिंडणाऱ्या वाघाचे असे दर्शन लोकांस पूर्वी घडले नव्हते. १९२७ साली ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ व १९३४ साली ‘द जंगल इन सनलाइट अँड शॅडो’ हे त्यांचे ग्रंथ निघाले. जिम कॉर्बेट यांच्यासारखा पट्टीचा शिकारी कॅमेऱ्याकडे वळला, तोही या चित्रांच्या ओढीने. बंदुकीचे परवाने आवरावेत, राखीव रानांत मोटारींस मज्जाव असावा, जनावरे मारण्याबद्दलची बक्षिसे घटवावीत, असे मत चॅम्पियनसाहेबांनी त्या काळी मांडिले.

चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहता त्यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली : दोन वाघांचे पट्टे कधीही सारखे नसतात. जसा माणसाच्या अंगठ्याचा ठसा, तसे वाघाचे पट्टे. १९९०च्या दशकात कर्नाटकातील नागरहोळे येथे याच खुणेवरून वाघांची शास्त्रशुद्ध गणती झाली, आणि पावलांच्या ठशांवरून मोजण्याची जुनी रीत मागे पडली. २०१८ च्या गणतीत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लाविले होते व वाघांची ७६,६५१ चित्रे मिळाली.

येथे एक गोष्ट आम्हांस स्पष्ट बोलली पाहिजे. चॅम्पियनसाहेबांनी वाघ पाहिला तो बहुधा हत्तीच्या पाठीवरून. आमच्या भागातील माउली पहाटेच्या अंधारात, खाली वाकून मोहफुले वेचीत असते. तिला हत्ती नाही, बंदूक नाही, आणि वाघ तिला वाकलेली पाहतो. तिच्या घरच्यांस वाघाचे सौंदर्य सांगावयास जाणे हे आमच्याने होणार नाही. तरी त्या घराचा न्यायही याच युक्तीवर अवलंबून असतो, हे मान्य केले पाहिजे. कारण माणूस मारला एका वाघाने आणि पकडला भलताच, तर निरपराध जनावर गेले आणि गावावरचे संकट तसेच राहिले.

हिंदुस्थान स्वतंत्र झाला त्या १९४७ साली चॅम्पियनसाहेब पूर्व आफ्रिकेस गेले. १९७० साली स्कॉटलंडमध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर अर्ध्या शतकाने आमच्याच जिल्ह्यात, वडसा भागात, एका वाघाचा शोध चालला होता. गडचिरोली, चंद्रपूर व भंडारा या तीन जिल्ह्यांत मिळून १३ माणसांचे बळी त्याच्याकडे मोजले गेले होते. वनखात्याने त्यास सीटी-१ असे नाव दिले होते. माग काढणाऱ्या पथकांनी रानात अशाच डब्या बांधल्या होत्या. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यास बेशुद्ध करून जिवंत पकडण्यात आले व नागपुरास गोरेवाडा येथे नेण्यात आले.