अनवाणी विजेता

शाळेच्या क्रीडास्पर्धा तुम्ही पाहिल्या असतीलच. कधी कधी ज्याच्याकडे कोणाचे लक्षही नसते, असा मुलगा सर्वांच्या पुढे निघून जातो. पाहणारे चकित होतात. याचे नशीब जोरावर होते, असे म्हणून ते मोकळे होतात. पण केवळ नशिबाने शर्यत जिंकता येते का? अबेबे बिकिला याची हकिकत वाचा आणि मग तुम्हीच ठरवा.

आफ्रिका खंडात इथिओपिया नावाचा डोंगराळ देश आहे. तेथील एका लहानशा खेड्यात ७ ऑगस्ट १९३२ रोजी अबेबेचा जन्म झाला. लहानपणी तो गुरे राखीत असे. तो तीन वर्षांचा असताना इटलीने इथिओपियावर हल्ला केला. त्याच्या कुटुंबाला गाव सोडून दूर जावे लागले. पुढे १९४१ साली इटलीची सत्ता गेली. मोठा झाल्यावर अबेबे राजधानी अदिस अबाबा येथे आला आणि सम्राटाच्या रक्षक दलात शिपाई झाला.

तेथे ओन्नी निस्कानेन नावाचे स्वीडनचे प्रशिक्षक होते. त्यांनी अबेबेमधील गुण ओळखले. ते त्याच्याकडून रोज कसून सराव करून घेत. कधी लांब पल्ल्याचे धावणे, कधी डोंगराची चढण, तर कधी थोडे अंतर वेगाने धावून पुन्हा पुन्हा तेच करणे. अबेबे कधी बूट घालून धावे, तर कधी अनवाणी.

१९६० साली ऑलिंपिक सामने इटलीच्या रोम शहरात भरले. अबेबे मॅरेथॉन शर्यतीत उतरणार होता. ही शर्यत ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते. रोममध्ये त्याला कोणी ओळखत नव्हते. त्यातच नवे बूट त्याच्या पायांना नीट बसेनात. पायांना फोड आले तर सारी मेहनत वाया जाणार होती. तेव्हा त्याने अनवाणी धावायचे ठरवले. त्याचे उघडे पाय पाहून लोकांना नवल वाटले.

१० सप्टेंबर १९६० च्या संध्याकाळी शर्यत सुरू झाली. मोरोक्कोच्या राधी या धावपटूवर नजर ठेवायची, असे अबेबेने ठरवले होते. राधीचा क्रमांक २६ असेल, असे त्याला सांगितले होते; पण राधीच्या अंगावर १८५ हा क्रमांक होता. अबेबेला हे माहीत नव्हते. २६ क्रमांकाचा धावपटू आपल्या पुढे असेल, असे समजून तो वेग कमी करीत नव्हता. ज्याला तो शोधत होता, तो तर त्याच्या शेजारीच धावत होता!

अंधार पडला. रस्त्याच्या कडेला सैनिक मशाली घेऊन उभे होते. बाकीचे धावपटू केव्हाच मागे पडले होते. शर्यत संपत आली, तेव्हा वाटेत एक उंच दगडी स्तंभ लागला. तो इथिओपियातील अक्सुम शहराचा होता. इटलीच्या सैन्याने तो युद्धानंतर रोमला आणला होता. त्या स्तंभाजवळ अबेबेने वेग वाढवला आणि राधीला मागे टाकले. २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत त्याने शर्यत जिंकली. तो जागतिक विक्रम होता. ज्या देशाने त्याचा देश जिंकला होता, त्याच्याच राजधानीत इथिओपियाला पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले.

जगाला हा चमत्कार वाटला. पण नीट विचार करा. अदिस अबाबा हे शहर समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथील हवा विरळ असते. अशा हवेत राहणाऱ्या माणसाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी वाढतात. असा माणूस सखल भागात धावू लागला, की त्याला दम कमी लागतो. अबेबेचे तळवे अनवाणी धावण्याने टणक झाले होते. संध्याकाळी ऊनही नव्हते. शिवाय रोमला जाण्यापूर्वी अदिस अबाबात त्याने हेच अंतर सुमारे २ तास २१ मिनिटांत पार केले होते. ही वेळ आधीच्या ऑलिंपिक विक्रमापेक्षाही कमी होती. म्हणजे तो जिंकण्याजोगा होताच. जगाला मात्र त्याची खबर नव्हती.

१९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिक मॅरेथॉनपूर्वी जेमतेम पाच आठवडे अबेबेच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. तरीही तो धावला, या वेळी बूट घालून, आणि पुन्हा नवा विक्रम करून जिंकला. ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिला धावपटू ठरला.

१९६९ साली मोटारीच्या अपघातात त्याचे पाय कायमचे निकामी झाले. जगातील सर्वांत मोठा धावपटू चाकाच्या खुर्चीत बसला. पण तो खचला नाही. हातांत धनुष्यबाण घेऊन तो अपंगांच्या स्पर्धेत उतरला. २५ ऑक्टोबर १९७३ रोजी, वयाच्या अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

मित्रांनो, शर्यत आपण दोन-तीन तासच पाहतो. तिच्यामागची वर्षे आपल्याला दिसत नाहीत. यापुढे तुमच्या वर्गातील एखादा मुलगा किंवा मुलगी अचानक पहिली आली, तर नुसते नवल करू नका. तिच्याजवळ जा आणि तिने काय काय केले, ते विचारा.