राजाश्रयाविना उभी राहिलेली गायनशाळा

कुरुंदवाड येथे १८ ऑगस्ट १८७२ रोजी कीर्तनकाराच्या घरी जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्कर यांची दृष्टी बालपणीच फटाक्याच्या अपघाताने अधू झाली. शालेय शिक्षण खुंटले आणि ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गायन शिकू लागले. त्या काळी संस्थानांत गवयाला बिदागी मिळे, समाजात मान मात्र क्वचितच. हे शल्य उरात घेऊन त्यांनी १८९६ मध्ये मिरज सोडली.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. एखाद्या संस्थानिकाच्या मर्जीवर नव्हे, तर लोकांच्या देणग्या आणि जलशांच्या उत्पन्नावर चालणारी गायनशाळा ही तेव्हा नवलाईच होती. ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलिपीची पुस्तके, परीक्षा असा सारा थाट त्यांनी मांडला. उपदेशक वर्गातील मुलांना निवास, भोजन व शिक्षण विनामूल्य मिळे. मोबदल्यात त्यांनी पुढे संगीत शिकवावयाचे. यातून ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन यांसारखे शिष्य घडले, पण खर्चाचा भारही वाढत गेला.

१९०८ मध्ये मुंबईत विद्यालय सुरू झाले. स्वतःच्या इमारतीसाठी त्यांनी कर्ज काढले आणि ते फेडण्यासाठी पंडितजी गावोगाव जलसे करीत हिंडले. व्यवहाराच्या दृष्टीने हे साहस अविचारीच म्हणावे लागेल. कर्ज फिटले नाही. इमारतीचा लिलाव झाला.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. १९३२ मध्ये विनायकबुवांनी पुण्यात विद्यालय उघडले.