ग्रेस हॉपर आणि माझा चुकलेला पत्ता

मी कॉन्व्हेंटवाला, मराठी सांभाळून घ्या!

गेल्या सेमिस्टरला मी सी मध्ये एक लायब्ररी लिहिली. पीसीवर झकास चालली, लॅबमधल्या एआरएम सेव्हन बोर्डावर मात्र आकडे भलतेच. चूक माझीच. चार बाइटचा आकडा मी चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून उचलत होतो. पीसीचा प्रोसेसर हे खपवून घेतो, बोर्डाचा नाही. त्या रात्री ग्रेस हॉपर आठवल्या.

जन्म १९०६, न्यूयॉर्क. १९३४ साली येलची गणितातली पीएचडी. महायुद्धात प्राध्यापकी बाजूला ठेवून त्या नौदलात गेल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डच्या मार्क वन यंत्रावर रुजू झाल्या. तेव्हा यंत्र बदललं की प्रोग्राम पुन्हा लिहा! त्यांनी १९५२ मध्ये ए-झीरो कंपायलर केला, मग फ्लो-मॅटिक. त्याच्याच पायावर कोबोल उभी राहिली. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन यंत्रांवर चालला, किरकोळ बदल करून.

माझी रात्र गेली ती असल्याच किरकोळ बदलात. कोबोलमध्येसुद्धा आकडा योग्य पत्त्यावर बसवायला सिंक्रोनाइज्ड हा शब्द आहेच. भाषा एक झाली तरी मेमरीची शिस्त ज्या त्या यंत्राची. मी पॉइंटरचा शॉर्टकट काढला, मेमकॉपी वापरली, आकडे बरोबर!

१९८६ साली एकोणऐंशीव्या वर्षी बाई रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या, १९९२ ला गेल्या. माझ्या पीसीवर तर चालतंय, हे वाक्य मी तेव्हापासून सोडलंय.