मेंदूची चित्रे काढणारा शास्त्रज्ञ

स्पेनच्या उत्तरेकडील एका डोंगराळ खेड्यात १ मे १८५२ रोजी सांतियागो रामोन इ काहाल यांचा जन्म झाला. वडील शस्त्रवैद्य. मुलाला चित्रकलेचे विलक्षण वेड, आणि वडिलांच्या लेखी तो निव्वळ कालापव्यय! त्यांनी त्याला केशकर्तनाच्या दुकानात, पुढे जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीस ठेवले. पण पेन्सिल काही सुटेना. अखेर जुन्या स्मशानातील हाडे आणून वडिलांनी त्याला शरीरशास्त्र शिकविण्यास आरंभ केला. हाडांची चित्रे काढता काढता मुलगा वैद्यकाकडे वळला.

सैन्यातील वैद्य म्हणून क्यूबात गेलेले काहाल हिवतापाने जर्जर होऊन परतले. १८८७ साली माद्रिदमध्ये सिमारो नावाच्या डॉक्टरांनी त्यांना गोल्जी या इटालियन शास्त्रज्ञाच्या रीतीने रंगविलेले मेंदूचे काप दाखविले. या रीतीत मोजक्याच पेशी काळ्या होतात व फांद्या फुटलेल्या वृक्षासारख्या उठून दिसतात. प्रौढ मेंदूत गुंता फार, म्हणून काहाल यांनी पक्ष्यांची पिले व गर्भ निवडले. सूक्ष्मदर्शकातून पाहावे आणि शाईने रेखाटावे, हा नित्यक्रम. खेळणी रंगविणाऱ्या आपल्या निर्मलच्या कारागिरांना त्या स्थिर हाताचे मोल सांगावयास नको. प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र असते, हे त्यांनी १८८८ मध्ये स्वखर्चाने काढलेल्या नियतकालिकात मांडले. १९०६ चे नोबेल पारितोषिक त्यांना व गोल्जींना विभागून मिळाले. मौज अशी की, त्या प्रसंगीच्या व्याख्यानात गोल्जींनी याच मताचे खंडन केले!

पुढे प्राण्यांच्या मज्जातंतूंना छेद देऊन त्यांचा ऱ्हास कसा होतो, हे काहाल यांनी तपासले. हातापायांकडे जाणारे तुटलेले तंतू पुन्हा वाढतात. मेंदूत व मज्जारज्जूत मात्र फुटलेले अंकुर लवकरच खुंटतात, असे त्यांना दिसले. १९१३-१४ मध्ये हा ग्रंथ दोन खंडांत निघाला. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले.

काहाल यांना एका प्राण्याच्या मेंदूचे दर्शन एकदाच घडे, तेही तो मेल्यावर. आज स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात जिवंत उंदराच्या मेंदूची प्रतिमा चुंबकीय यंत्राने महिन्यामागून महिने घेता येते. मेंदूचा कोणता भाग आक्रसत चालला, हे कळते. पण एकेक पेशी त्या प्रतिमेत दिसत नाही. त्यासाठी संशोधक अजूनही मेंदूचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.